गयाबाईचे जीवाणू आणि साहेबांचा चहा

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. "मॅडम, नोकरीतल्या आठवणी लिहा, काहीतरी हलकंफुलकं." मी म्हणाले, हलकंफुलकं मला जमायचं नाही. मला राग आलेला आहे, रिटायर होऊन इतके दिवस झाले तरी तो उतरलेला नाही, तो चालत असेल तर लिहिते. ते हसले. त्यांना वाटलं, बाई मस्करी करायल्यात. तर हे घ्या. छापायचं की नाही ही तुमची मर्जी.

आधी कामाचं सांगते, कारण उभा जन्म परभणीत माझ्या शेजारी काढलेल्या माझ्या जावेलासुद्धा मी नेमकं काय करते ते शेवटपर्यंत कळलं नाही. ती बायकांना सांगायची, "आमच्या जाऊबाई किड्यांच्या हापिसात हायत." किडे नाहीत, जीवाणू. हरभऱ्याचं, तुरीचं, सोयाबीनचं रोप हळूच उपटून बघा, मुळांवर बारीक गाठी दिसतील. तो रोग नव्हे. नख लावून गाठ फोडली आणि आत गुलाबी निघाली तर समजायचं, आतल्या जीवाणूंचा संसार नीट चाललाय. ते हवेतला नत्र धरून झाडाला देतात आणि झाड त्यांना खाऊ घालतं. आमची प्रयोगशाळा हे जीवाणू वाढवायची, लिग्नाईटच्या काळ्या भुकटीत मिसळायची आणि पाकिटं भरून पेरणीच्या आधी दुकानांत पोचवायची. एका संस्थेची प्रयोगशाळा होती. नाव लिहीत नाही, कारण नाव कळून कुणाचं काही परत येणार नाही.

आमचा माल जिवंत असतो, हे लोकांच्या डोक्यात शिरतच नसे. खताच्या गोणीला ऊन लागलं तर काही बिघडत नाही, आमच्या पाकिटाला लागलं तर आत सगळे मुडदे. मानवतचा एक दुकानदार आमची पाकिटं दर्शनी काचेत माळेसारखी टांगायचा आणि दुपारनंतरचं सगळं ऊन त्यांच्यावर घ्यायचा. मी जाऊन भांडले तर म्हणतो, "मॅडम, दिसलं तर खपतंय. आत ठिवलं तर कोन इचारतंय?" मी स्वतःच्या हाताने सगळी पाकिटं उतरवून त्याच्या पाण्याच्या माठामागे ठेवली. पुढच्या हंगामात गेले तर पाकिटं परत काचेत, आणि माठामागच्या गारव्याला त्याचा जेवणाचा डबा. त्याला सावलीची किंमत कळत होती, फक्त ती भाजी-भाकरीपुरती.

पालमकडच्या एका गड्याचं तर वेगळंच. आपल्याकडे बीजप्रक्रिया करताना पाकीट गुळाच्या पाण्यात कालवून ते पाणी बियाण्याला चोळायची रीत आहे. गूळ नीट विरघळावा म्हणून पाणी उकळून घेतात. या पठ्ठ्याने रटरटत्या गुळवणीतच आमची भुकटी टाकली आणि ते तसंच कढईतून हरभऱ्यावर ओतलं. हरभरा अर्धा शिजला. मग तो घमेलं डोक्यावर घेऊन एसटीने थेट प्रयोगशाळेत आला, माझ्या टेबलावर घमेलं आदळलं आणि म्हणाला, "तुमच्या औषदानं माजं बियानं जळालं." मी म्हणाले, "अहो दादा, पाणी थंड होऊ द्यायचं असतं." "थंड व्हऊ द्या मनून कोन सांगितलं? पाकिटावर लिवलंय गूळ उकळा, मी उकळला." जाऊन बघितलं तर खरंच तेवढंच छापलेलं. छापणाऱ्याला जागा पुरली नव्हती, म्हणून त्याने शेवटची ओळ गाळून टाकली होती. गड्याला मी नवीन पाकिटं दिली. छापणाऱ्याला जे बोलले ते दिवाळी अंकात घालण्यासारखं नाही.

गूळच कशाला, असं बरेच जण विचारायचे. बियाण्याला चिकटावं म्हणून, हे उत्तर सगळ्यांना पाठ. ते खोटं नाही. पण नुसतं चिकटवायचं तर खळ होती, डिंक होता. गूळ आणखी एक काम करतो आणि माझ्या सगळ्या रागाचं मूळ त्या कामात आहे, तेव्हा इथे जरा सावकाश वाचा.

जीवाणू म्हणजे एकच पेशी. तिला कातडी असते, आम्ही तिला पेशीपटल म्हणतो. ही कातडी चरबीच्या दोन थरांची असते. ओलं आहे तोवर ती सैल आणि हलती असते, उन्हाळ्यात बरणीतलं तूप असतं तशी. चरबीच्या एकेका कणाच्या डोक्याशी पाणी चिकटलेलं असतं आणि ते पाणी या कणांना एकमेकांपासून जरा जरा लांब ठेवतं. आता हे पाणी काढून घ्या. कण एकमेकांवर दाटतात. थंडीत तूप थिजतं तशी ती कातडी भर उन्हाळ्यातसुद्धा नुसती सुकल्यामुळे थिजते. एवढ्यावर भागलं असतं तर एक वेळ चाललं असतं. खरा घात होतो तो पुन्हा पाणी मिळाल्यावर. थिजलेली कातडी परत सैल होत असताना मध्येच तिला फटी पडतात आणि पेशीच्या आतलं सगळं बाहेर गळून जातं. शेतकऱ्याला वाटतं, ओल आली, आता जीवाणू जागे होतील. ते त्याच ओलीत मरतात.

गोठवण्याचा तापही काही कमी नाही. बर्फ आधी पेशीच्या बाहेर होतो आणि आतलं पाणी ओढून घेतो. पेशी आक्रसते, सुरकुतते. म्हणजे गोठवणं हेही एका तऱ्हेचं सुकवणंच.

साखर इथे कामाला येते. पाणी जायला लागलं की साखरेचे कण त्याच्या जागेवर येऊन बसतात आणि चरबीच्या कणांना दाटू देत नाहीत. पाणी गेलं हे कातडीला कळतच नाही. शिवाय पुरतं सुकलं की साखरेची काच होते, लिमलेटच्या गोळीसारखी. त्या काचेत जीवाणू जिथल्या तिथे बसून राहतो. काही हलत नाही, म्हणून काही बिघडतही नाही. परत पाणी द्या, साखर विरघळून बाजूला होते, पाणी आपल्या जागी येतं आणि गडी उठून कामाला लागतो. कौलावरचं शेवाळ उन्हाळाभर काळं ठिक्कर पडून राहतं आणि ओल येताच हिरवं होतं, बेकरीवाल्याचं कोरडं यीस्ट कोमट पाण्यात फसफसून उठतं, ते अशाच साखरांच्या जोरावर. फक्त त्यांची साखर त्यांनी स्वतःच आत तयार केलेली असते. आमच्या जीवाणूंना तेवढी जमत नाही, त्यांना ती बाहेरून द्यावी लागते. बियाण्याला गूळ आणि आमच्या कुप्यांना साखर.

कुप्या म्हणजे आमची तिजोरी. ज्या मूळ जीवाणूंपासून पुढची हजारो पाकिटं व्हायची, ते मूळ जीवाणू आम्ही साखर आणि बिनसायीच्या दूध पावडरीच्या पाण्यात कालवायचो, गोठवायचो, गोठलेल्या अवस्थेतच यंत्राने त्यातलं पाणी ओढून घ्यायचो आणि काचेच्या बारीक कुपीचं तोंड ज्योतीवर वितळवून बंद करायचो. आत उरायची पांढरी, हलकी, चिमूटभर वडी. हे काम माझ्याकडे होतं. माझ्या हातची कुपी फोडली आणि जीवाणू उठले नाहीत, असं कधी झालं नाही. याचा मला तेव्हा गर्व होता आणि आजही आहे.

या कुप्यांत एक वाण गयाबाईचं होतं.

गयाबाई पालम तालुक्यातली शेतकरीण. नवरा वारलेला, दोन मुलं हाताशी, जमीन बरी. बाकी सगळी काळी, पण कडेला एक मुरमाड पट्टी होती. त्या पट्टीत ती दर वर्षी हट्टाने हरभरा पेरायची. आम्ही मातीचे नमुने गोळा करत त्या गावात गेलो तेव्हा परतीचा पाऊस अजिबात झालेला नव्हता आणि शिवारातला हरभरा पिवळा पडलेला होता. हिची पट्टी तेवढी हिरवी. मी विचारलं, "मावशी, एक रोप उपटू का?" म्हणाली, "उपटा की. पन घाटे खाऊन टाका, फेकू नका." रोप उपटलं. माती इतकी कोरडी की मुळावरून पिठासारखी झडली, आणि मुळावर टपोऱ्या गाठी. नख लावलं तर आत गुलाबी. मी बांधावरच बसले. अशा कोरड्या मुरमात, अशा उन्हात गाठी जिवंत राहिलेल्या मी तोवर बघितल्या नव्हत्या.

प्रयोगशाळेत ते जीवाणू वेगळे केले, वाढवले, तापवले, सुकवले, छळ छळ छळले. आमची बाकीची वाणं माना टाकायची तिथे हे तग धरायचं. दोन-तीन तालुक्यांत हलक्या जमिनीवर पेरून बघितलं, हरभरा उभा राहिला. पाकिटावर आम्ही 'पालम वाण' असं छापलं. गयाबाईला कळल्यावर तिने विचारलं, "माज्या वावरातलं हाय मनून लिवलं का?" मी म्हणाले, तालुक्याचं नाव आहे. "बरं, तालुका तर तालुका." पण तेव्हापासून ती त्यांची मालकीण झाली. परभणीला दवाखान्याला आली की प्रयोगशाळेत डोकवायची. सोबत कधी बोरं, कधी हुळा म्हणजे भाजलेला ओला हरभरा. बसायच्या आधी विचारायची, "आमचे किडे कसे हायत?" सासरी दिलेल्या लेकीची चौकशी करावी तसं विचारायची. मी कुपी उजेडात धरून दाखवायचे. ती डोळे बारीक करून बघायची आणि म्हणायची, "येवढ्याशा बाटलीत लय कोंडल्यावानी व्हत आसंल त्यांना."

मग तिकडे नवा रस्ता निघाला. रस्त्याला मुरूम लागतो. ठेकेदाराची नजर तिच्या पट्टीवर पडली. मुलं तयार होती, पण पट्टी हिच्या नावावर. ती मुद्दाम एसटीने परभणीला आली आणि माझ्यासमोर बसली.

"बाई, ठेकेदार दारात ठाण मांडून बसलाय. पोरं मनायलेत, देऊन टाक, मुरमाडात काय ठिवलंय. मी मनलं, आदी बाईला इचारते. त्या पट्टीतले किडे तुमच्यापाशी हायत ना?"

"आहेत की."

"पट्टी खांदली तर तितले जातील. मंग तुमच्यापाशीच ऱ्हातील फकस्त. ऱ्हातील ना?"

मी तिला आत नेलं, फडताळ उघडून कुप्या दाखवल्या. सगळ्या माझ्या हातच्या. म्हणाले, "मावशी, पट्टी गेली तरी हे राहतील. तुमची नातवंडं पेरायला लागतील तोवर राहतील." तिने एक कुपी हातात घेतली, कपाळाला लावली आणि परत जागेवर ठेवली. "मंग देते," म्हणाली. त्यात माझं काही चुकलं नव्हतं. साखरेच्या काचेत बसलेले जीवाणू खरंच तेवढे टिकतात. ते आमच्या साहेबांच्या तावडीत टिकत नाहीत, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

साहेब नवीन आले होते. जीवाणूशास्त्राशी त्यांचा संबंध दही लावण्यापुरता, तोही बायकोकडून. पण बोलणं मधाळ आणि पाहुणे फार. दुकानदार, पुढारी, पुढाऱ्यांचे भाचे, दिवसभर राबता. पाहुणा आला की चहा. चहाची साखर कुठून? माझ्या बरणीतून. दूध? माझी बिनसायीची पावडर. शिपाई मामू बिचारा येऊन उभा राहायचा, "मॅडम, साब चार कप बोले." मी बरणीवर मोठ्या अक्षरात 'विष' असं लिहून ठेवलं, वर कवटी काढली. दुसऱ्या दिवशी साहेबांचा केबिनमधून आवाज आला, "मामू, ते विष घालून तीन चहा आणा." पाहुणे खो खो हसले. मलाही हसू आलं, कबूल करते. तेव्हा ते अंगाशी येईल असं वाटलं नव्हतं.

मग हिशेबतपासनीस आले. शांत, सुकडे गृहस्थ, कामाला चोख. त्यांनी मला विचारलं, "प्रयोगशाळेला साखर आणि दूध पावडर कशाला? हॉटेल आहे का इथे?" मी त्यांना खुर्चीवर बसवून सगळं सांगितलं, तुपासकट. त्यांना समजलंही. मान डोलावून म्हणाले, "छान. पण मग एवढ्याशा कुप्यांना एवढी साखर?" मी साहेबांकडे बघितलं. साहेब पंख्याकडे बघत होते. एक शब्द बोलायचा होता त्यांना, चहाला गेली म्हणून. हिशेबतपासनीस रागावले असते आणि विषय संपला असता. साहेब बोलेनात, तेव्हा मीच म्हणाले, "बाकीची साहेबांच्या पाहुण्यांना."

दुसऱ्या दिवशी साहेबांचा हुकूम निघाला. यापुढे प्रयोगशाळेसाठी साखर आणि दूध पावडर यांची खरेदी बंद. मी केबिनमध्ये गेले, "साहेब, मग मी कुप्या कशात करू?" म्हणाले, "मिठाच्या पाण्यात करा. शेवटी सुकवायचंच आहे ना?" मी परत तूप आणि काच सांगायला लागले. त्यांनी हात वर केला. "बाई, तुमचं हे साखरेचं खूळ पुरे झालं." तेवढं बोलणं होईपर्यंत मामू त्यांचा चहा घेऊन आला. त्या चहाला साखर संस्थेच्या कार्यालयातून यायला लागली होती. पाहुण्यांच्या कपात साखर हवी आणि जीवाणूंच्या कुपीत नको, हा निर्णय एका पगारी, पदवीधर माणसाने घेतला, आणि त्याला विचारणारं कुणी नव्हतं. मी त्या दिवसापासून घरून डब्यात साखर न्यायला लागले. दूध पावडरही नेली. तेही त्यांना खुपलंच.

याच्याही आधी मी त्यांना म्हटलं होतं की आपली चांगली वाणं देशाच्या मोठ्या जीवाणू संग्रहात ठेवायला पाठवू, म्हणजे इथे काही झालं तरी तिथे राहतील. त्यावर त्यांचं उत्तर, "आपली वस्तू दुसऱ्याच्या घरात कशाला?" माझी वस्तू होती की त्यांची होती? गयाबाईची होती.

पुढे माझ्या नवऱ्याचं ऑपरेशन निघालं, नांदेडला. लांबलचक रजा घ्यावी लागली. जाताना माझ्या जागेवर काम बघणाऱ्या चव्हाणांना बजावलं, "मूळ कुप्यांना मी येईपर्यंत हात लावू नका. काही लागलंच तर नांदेडला फोन करा." चव्हाण हाताने चांगले, पण नोकरी कच्ची, दर वर्षी मुदतवाढ साहेबांच्या सहीने.

मी नांदेडला असताना संस्थेचे बडे लोक प्रयोगशाळा बघायला येणार असं ठरलं. फडताळ भरलेलं दिसलं पाहिजे. साहेबांनी चव्हाणांना पालम वाणाच्या उरलेल्या सगळ्या जुन्या कुप्या फोडायला लावल्या आणि नव्या भरपूर करायला लावल्या. चव्हाणांनी विचारलं म्हणे, साखर? साहेब म्हणाले, मिठाचं पाणी. फोन करू का बाईंना? ऑपरेशनच्या गडबडीत त्यांना कशाला त्रास. केवढी ती माणुसकी. त्याच दिवसांत, भर मे महिन्यात, ज्या फ्रीजमध्ये वाढत्या जीवाणूंच्या नळ्या होत्या तो बंद पडला. परभणीचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. फ्रीज उघडून बघायची कुणाला गरज वाटली नाही, कारण पाहुण्यांना थंड पाणी दुसऱ्या फ्रीजमधून मिळत होतं.

मी परत आले तेव्हा फडताळ कुप्यांनी खच्चून भरलेलं. साहेबांनी स्वतः दाखवलं. "बघा बाई, तुमच्याशिवायही कामं होतात." मी एक कुपी उजेडात धरली. पांढरी वडी नाही, तळाशी नुसता मळकट डाग. तरी कुपी फोडली, पाणी घातलं, ताटलीतल्या आगरवर, म्हणजे जीवाणू वाढवायच्या जेलीवर पसरली, उबेला ठेवली. वाट बघितली. ताटली कोरी. दुसरी फोडली, कोरी. फोडतच राहिले. चव्हाण शेजारी उभे राहून रडायला लागले. मी त्यांना म्हणाले, "रडू नका, फ्रीज उघडा." फ्रीजमधल्या नळ्यांतलं आगर वाळून भेगाळलेलं होतं. मी त्यातूनही खरवडून बघितलं. काही नाही.

साहेबांना सांगितलं. ते घाबरले नाहीत, त्यांना वाईटही वाटलं नाही. म्हणाले, "जीवाणू ते जीवाणू. बाहेरून दुसरं वाण मागवू, पाकीट तेच ठेवू. कुणाला कळणार आहे?" मी म्हणाले, हलक्या जमिनीवर पेरणाऱ्या प्रत्येकाला कळेल, फक्त कशामुळे ते कळणार नाही. तो सगळा दोष पावसाच्या नावावर टाकेल. त्यावर ते म्हणाले, "मग झालंच की." हे वाक्य माझ्या कानात आहे. माणूस मेल्याशिवाय मला ते विसरता येणार नाही, आणि मेलं पाहिजे कोण, ते मी लिहीत नाही.

'पालम वाण' असं छापलेल्या पाकिटात भलतेच जीवाणू भरायला मी नकार दिला. मला तिथून काढून पाकिटांना डिंक लावायच्या विभागात बसवलं. वर संस्थेकडे जाऊन तोंडी सांगितलं, लेखी सांगितलं. त्यांनी साहेबांनाच चौकशी करायला सांगितली. साहेबांनी स्वतःची चौकशी केली आणि स्वतःला निर्दोष सोडलं. आता ते सभांमधून स्थानिक बियाणं आणि मातीचं वैभव यांवर भाषणं देतात. गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या मंडळाने त्यांना बोलावलं होतं. मी खिडकी लावून घेतली.

मी प्रयत्न सोडला नाही. मानवतच्या त्या दुकानदाराकडे जाऊन आधीच्या हंगामातलं पाकीट मागितलं. होतं त्याच्याकडे एक, काचेतच टांगलेलं. त्यात बुरशी सोडून काही उरलं नव्हतं. ज्या ज्या शेतकऱ्यांनी पालम वाण पेरलं होतं त्यांच्या रानातून माती आणली, कुंड्यांत हरभरा लावला, गाठी काढल्या. जीवाणू मिळाले, पण ते त्या त्या रानातले जुने रहिवासी. सुकवले की मरायचे. पाहुणे म्हणून गेलेले आमचे टिकले नव्हते, किंवा टिकले असतील तर मला सापडले नाहीत.

उरली गयाबाई. मी तिच्याकडे जायचं टाळत होते हे खरं आहे. पण पट्टीची एखादी कड शिल्लक असेल, खड्ड्याच्या काठाला घमेलंभर माती असेल, अशी आशा होती. हरभरा घाट्यावर आला त्या दिवसांत पालमची एसटी धरली.

गयाबाई ओसरीवर हुळा सोलत होती. मला बघून उठली. "या या, लय दिसांनी. आमचे किडे कसे हायत?" मी म्हणाले, "मावशी, आधी पट्टी दाखवा." ती पदर खोचून पुढे चालायला लागली.

पट्टी नव्हती. दोन पुरुष खोल खड्डा, तळाला हिरवट पाणी, काठ सरळ कापलेले. मुरूम खालपर्यंत काढून नेलेला आणि कडेला काळ्या रानाची माती ढासळलेली. मी काठाकाठाने फिरले. खुरप्याने खरवडलं. त्या जमिनीचा हातभर तुकडाही राहिला नव्हता, सगळी रस्त्याखाली गेली होती. ती माझ्या मागे मागे फिरत होती. "काय हुडकायलाव, बाई?"

मग मी तिला सांगितलं. साखर, दूध पावडर, चहा, हिशेबतपासनीस, मिठाचं पाणी, फ्रीज, सगळं. 'पालम वाण' छापलेल्या पाकिटात आता दुसरेच जीवाणू भरतात, हेही सांगितलं. बोलता बोलता माझा आवाज चढला, साहेबांना मी शिव्या घातल्या, त्या तिथे बांधावर उभी राहून मोठ्याने घातल्या. माझं संपल्यावर तिने विचारलं, "मंजी मेले?"

"हो, मावशी."

"समदे?"

"सगळे."

ती खड्ड्याच्या काठावर बसली. मग म्हणाली, "ठेकेदार दारात बसला व्हता तवा मी तुमाला इचारायला आले व्हते. तुमी नको मनलाव असता तर एक खोरं टाकू दिलं नसतं मी."

"माहीत आहे मला."

"तुमी तर मनलाव, नातवंडापातूर ऱ्हातील."

मला साहेबांचं नाव परत घ्यायचं होतं. चव्हाणांचं, फ्रीजचं. पण तिने साहेबांना विचारलं नव्हतं, मला विचारलं होतं. तिने पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळून बघितलं.

"तुमच्यापाशी दिले तवा जित्ते व्हते ना, बाई?"

"होते," मी म्हणाले.